छप्पर तिघांचं

शिकागो

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

घर पसंत पडलं आहे आणि आमची ऑफर मालकाने मान्यही केली आहे. तरी इतक्यात कुणाला सांगू नका. इथे करारावर सह्या झाल्या की वकिलाला कागद तपासायला साधारण पाच कामाचे दिवस मिळतात. त्या मुदतीत अटी बदलून मागता येतात, आणि जमलंच नाही तर करार रद्द होऊन इसार परत मिळतो. बाबा, तुम्हाला छळायचं आहे ते याच मुदतीत.

घर विकर पार्कमध्ये आहे. मिलवॉकी, नॉर्थ आणि डेमन हे तीन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकाच्या अलीकडे. विमानतळावरून येणारी ब्लू लाइन तिथे थांबते आणि रात्रभर चालते. सध्या हा भाग फार ‘चालतीचा’ समजला जातो. पूर्वी इथे जर्मन आणि नॉर्वेजियन धनिकांचे बंगले होते, मग पोलिश कामगार आले, मग पोर्तो रिकोची कुटुंबं. पुढे स्वस्त भाड्यापायी चित्रकार आणि गाणारी-वाजवणारी मंडळी आली, आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्यासारखे पगारदार. जवळच उंचावरून जाणाऱ्या जुन्या मालगाडीच्या रुळांच्या जागी 2015 मध्ये 2.7 मैलांची चालण्या-सायकलची वाट झाली आणि भाव आणखी चढले. तिच्या पश्चिम टोकाकडे दोन-तीन बिऱ्हाडांच्या इमारती पाडून एकेका कुटुंबाचे बंगले उठायला लागले, तेव्हा 2021 मध्ये महापालिकेला पाडकामावर जादा शुल्क लावावं लागलं. म्हणजे कुणाला तरी उठवूनच आपण बसतो आहोत, हे कळतं. कळून घर घेणं थांबवलं असंही नाही.

आई, तुझ्यासाठी घराचं वर्णन. इथला प्लॉट सहसा 25 फूट रुंद आणि 125 फूट खोल. त्यामुळे इमारत आगगाडीच्या डब्यासारखी लांबट: उजेड पुढून आणि मागून, मधल्या खोल्या अंधाऱ्या. तीन मजले, तीन घरं. आमचं सगळ्यात वरचं. त्याला डोक्यावर नंतर चढवलेला अर्धा मजला मिळाला आहे, म्हणून ते ड्युप्लेक्स. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि एक छोटी खोली. वर झोपायच्या खोल्या. आतल्या जिन्यावर छतातच काच बसवली आहे, आणि दुपारी पार खालच्या पायरीपर्यंत ऊन उतरतं. मी विरघळले ती तिथे. तुमचे जावई गच्चीवरच्या डेकवर (बसायच्या ओट्यावर) विरघळले, कारण तिथून डाउनटाउनचे टॉवर दिसतात.

आता बाबांचा विषय. इथे आपल्यासारखी सोसायटी जागेची मालक नसते. तुम्ही ज्या 1970 च्या अपार्टमेंट कायद्याबद्दल सांगायचात, तसं हे काम आहे (इथल्या राज्याचा कायदा 1963 चा). घर आपलं, आणि जमीन, बाहेरच्या भिंती, जिने, छप्पर यांत टक्क्यांनी अविभाज्य हिस्सा. आमचं घर मोठं म्हणून हिस्सा 42 टक्के. मेंटेनन्स त्याच प्रमाणात, आणि या इमारतीत मतंही टक्क्यांनीच. म्हणजे सगळ्यात जास्त पैसे आम्ही भरायचे आणि खालचे दोघे एक झाले तर 58 टक्क्यांनी आम्हाला गप्प बसवायचे!

छप्पर सपाट आहे: लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पाणी अडवणारा थर, आणि त्या थरावर डेक. छप्पर तिघांचं, पण डेक वापरायचा हक्क फक्त वरच्या घराला. डेकखाली गळती लागली तर आधी डेक उचलावा लागतो. गळतीचा खर्च तिघांत वाटला जाईल हे स्पष्ट आहे. डेक उचलून परत बसवायचा खर्च कुणाचा, तिथे मूळ दस्तातलं वाक्य असं गुळमुळीत आहे की दोन्ही बाजूंचे वकील त्यावर जगतील.

आणि गळती आहे, असं मला वाटतं. वरच्या मागच्या खोलीत छताचा एक कोपरा बाकीच्या छतापेक्षा पांढरा दिसतो. नवा रंग, तेवढाच. त्याच्याच बाहेरच्या बाजूला गच्चीचा कठडा. तपासनिसाने विटांच्या सांध्यात पेन घातलं तर माल भुगा होऊन खाली पडला. पाणी सांध्यात शिरतं, गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. असे काही हिवाळे गेले की वीट सुटते.

विक्रेत्याला राखीव निधी किती, येत्या दोन वर्षांत मोठा खर्च ठरला आहे का, खटला चालू आहे का, हे कायद्याने लेखी कळवावं लागतं. मोठ्या खर्चापुढे ‘नाही’ लिहिलंय. ठरलाच नसेल तर ‘नाही’ हे खोटं कसं म्हणणार? मीटिंगचं इतिवृत्त मागितलं तर तिघांच्या मेसेजची प्रत आली. तळमजला लिहितो, ‘छपराचं बघायला हवं.’ मधला मजला अंगठा दाखवतो. वरचा मजला मौन. पुढचा मेसेज कचऱ्याच्या डब्यांचा.

उकाड्याचंही सांगते. थर्मोस्टॅट एकच, तोही आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर. खाली गार झालं की एसी बंद, वर मात्र तापतच राहतं. जुलै 1995 च्या लाटेत या शहरात सातशेवर माणसं दगावली, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका जास्त होता, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. तेव्हा वरच्या मजल्याला वेगळा एसी हवाच, तो आम्ही धरून चाललो आहोत.

लिफ्ट नाही. मागचा लाकडी जिना मी नीट बघितला, कारण 2003 मध्ये इथल्याच लिंकन पार्क भागात अशा मागच्या लाकडी गॅलऱ्या कोसळून 13 तरुण मुलं गेली. हा जिना त्यानंतरचा आहे, परवान्याचा कागद आहे. आई, छोटी खोली तुमची, शेजारीच बाथरूम. आतला जिना तुला चढावा लागणार नाही, पण रस्त्यापासून दारापर्यंतच्या पायऱ्या आहेतच. गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारून ठेव.

तर बाबा, वकीलबाई दोन वाटा सांगतात. एक, विक्रेत्याच्या पैशातली काही रक्कम छपरासाठी अडवून ठेवायची. दुसरी, डेकचा खर्च कुणाचा हे स्पष्ट लिहून खालच्या दोघांच्या सह्या विक्रेत्याने आणून द्यायच्या. दोन्ही ताणलं तर तो दुसरं गिऱ्हाईक बघेल. माझा कल सह्यांकडे आहे. पैशातून छप्पर एकदा दुरुस्त होईल, भांडण दर हिवाळ्यात होईल. जावई म्हणतात, पैसे घ्या, शेजारी बदलत असतात. तुम्ही इतकी वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होतात, गच्चीच्या गळतीवरून लोक कसे वागतात ते तुम्ही पाहिलंय. तुम्ही काय अडवलं असतंत?

दस्ताची पानं आणि फोटो सोबत पाठवले आहेत. पांढरा कोपरा तिसऱ्या फोटोत आहे, मोठा करून बघा. गुरुवारी तुमच्या सकाळी फोन करते. शुक्रवारी वकीलबाईंचं पत्र जायचं आहे.

तुमची,
धाकटी