योकोहामाहून पत्र : जपानचा रेल्वे पास काढण्याआधी

योकोहामा,
१४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण असे की, गावातल्या प्रवासी एजंटाने ‘आधी सात दिवसांचा जपान रेल पास काढा, बाकीचे मग बघू’ असे सांगितल्याचे दादाने फोनवर कळवले. हा पास म्हणजे जपानच्या ‘जेआर’ या मुख्य रेल्वे कंपन्यांच्या गाड्यांतून तेवढे दिवस हवे तितके फिरण्याचे एकच तिकीट. त्यावर मी हिशेब सांगत बसले आणि तुम्ही ‘हे सगळे लिहूनच पाठव’ म्हणालात. म्हणून लिहिते. हे पत्र वाचून होईपर्यंत कृपा करून पैसे भरू नयेत.

एजंटाचा सल्ला दोन वर्षांपूर्वी अगदी योग्य होता. सप्टेंबर २०२३ पर्यंत सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळत असे, आणि टोकियोहून क्योटोला बुलेट ट्रेनने जाऊन परत आले तरी जवळजवळ तेवढेच भाडे पडत असल्यामुळे लोक डोळे झाकून पास घेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच पासची किंमत ५०,००० येन झाली, म्हणजे सध्याच्या दराने एका माणसामागे साधारण तीस हजार रुपये. जे आधी जाऊन आले त्यांच्या तोंडी अजून जुनाच हिशेब आहे. ज्येष्ठांना यात सवलत नाही. आपल्याकडची २०२० साली बंद झाली, त्यावरून बाबा अजून रेल्वेवर रागावलेले आहेत, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आता तुमचा बेत पाहू. माझ्याकडून क्योटो, तिथून हिरोशिमा आणि मियाजिमा बेट, आणि पुन्हा योकोहामा. सुटी तिकिटे काढली तर क्योटोपर्यंत साडेतेरा ते चौदा हजार येन, क्योटो ते हिरोशिमा अकरा-बारा हजार आणि हिरोशिमाहून परत एकोणीस हजारांच्या आसपास, असे मिळून चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार होतात. एवढी धावपळ करूनही पास वसूल होत नाही. शिवाय पासवर ‘नोझोमी’ या सर्वांत वेगवान गाडीत बसायचे तर वेगळे पैसे भरावे लागतात. ते टाळायचे म्हणजे ‘हिकारी’ ही थोडी हळू बुलेट ट्रेन धरून वाटेत ‘साकुरा’ ही दुसरी पकडायची, आणि दोन बॅगा घेऊन गाडी बदलणे आईच्या गुडघ्यांना मानवणारे नाही.

माझ्या मते यातून चांगला मार्ग असा. क्योटोपर्यंत एकेरी साधे तिकीट काढावे आणि पुढच्या पाच दिवसांसाठी पश्चिम जपानच्या जेआर कंपनीचा ‘कानसाई-हिरोशिमा एरिया पास’ घ्यावा. तो १७,००० येनला आहे. त्यात ओसाकाहून हिरोशिमापर्यंतची बुलेट ट्रेन, हिमेजीचा किल्ला आणि नारा इथपर्यंतच्या गाड्या, मियाजिमाची जेआरची फेरीबोट आणि ओसाकाच्या कानसाई विमानतळाला जाणारी गाडीही येते. मात्र क्योटो ते ओसाका हा टप्पा बुलेट ट्रेनने न जाता साध्या गाडीने करायचा, कारण तेवढा रूळ दुसऱ्या जेआर कंपनीचा आहे. बोटीला माणशी शंभर येन पर्यटन कर वेगळा आहे, तो हातात ठेवावा. एकूण खर्च एकतीस हजारांच्या आत राहतो. अट एकच, परतीचे विमान टोकियोऐवजी कानसाईहून हवे. मी तुम्हाला तिथपर्यंत सोडायला येईन.

हे दोन्ही पास फक्त अल्पकाळासाठी आलेल्या पाहुण्यांसाठी असतात. पासपोर्टवर ‘तात्पुरता अभ्यागत’ अशी नोंद असलेला कागद चिकटवतात, तो पाहूनच काउंटरवर पास हातात देतात. एप्रिल २०२२ मध्ये मी नोकरीच्या व्हिसावर आले, तेव्हा बेळगावातच पासची चिठ्ठी (इथल्या काउंटरवर देऊन पास घ्यायची) विकत घेऊन आले होते. काउंटरवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट उघडला, दोन्ही हातांनी मला परत दिला आणि वाकून नकार दिला. ते पैसे कमिशन कापून परत मिळायला तीन महिने लागले. ही गोष्ट मी तेव्हा तुम्हाला सांगितली नव्हती. त्यामुळे तुम्ही दोघे पासवर आणि मी तिकिटावर, असाच हा प्रवास होईल.

बाबांनी विचारले होते की रेल्वेचा पास मग सगळ्या रेल्वेवर का चालत नाही. बेळगावात आपली गाडी नैर्ऋत्य रेल्वेची, मिरजेपुढे मध्य रेल्वेची हद्द, तरी तिकीट एकच असते, कारण मालक एक. इथे सरकारी रेल्वेचे १ एप्रिल १९८७ रोजी जेआर नावाच्या कंपन्यांत विभाजन झाले, आणि त्यांच्याखेरीज पहिल्यापासून खासगी कंपन्यांचे स्वतंत्र रूळ आहेत. डोंगरातल्या हाकोने गावी जाताना मोठा, म्हणजे जपान रेल पाससुद्धा ओदावारा स्टेशनापर्यंतच चालतो, पुढे दुसऱ्या कंपनीचे तिकीट. शहरांतल्या भुयारी गाड्यांवरही पास चालत नाही. त्यासाठी मी दोघांना एकेक ‘सुइका’ कार्ड (आधी पैसे भरून फाटकावर टेकवायचे) घेऊन ठेवले आहे.

एक सवय मात्र इथे आल्यावर लगेच लावून घ्यावी लागेल. पास बोटभर रुंदीच्या साध्या तिकिटासारखा असतो. फाटकाच्या फटीत घातला की तो सुर्रकन आत ओढला जातो आणि चार पावलांवर दुसऱ्या टोकाला उभा राहतो. तिथून तो उचलायचा. फाटक उघडल्याच्या आनंदात माणूस तसाच पुढे जातो. माझ्या सहकाऱ्याचे धारवाडचे आईवडील असेच निघाले होते. स्टेशनातला मुलगा टोपी सांभाळत मागे धावत आला म्हणून निभावले, कारण हरवलेला पास पुन्हा देत नाहीत.

बॅगांचेही पाहावे. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरत असेल, तर टोकियो-क्योटो-हिरोशिमा मार्गावरच्या बुलेट ट्रेनमध्ये डब्यातल्या शेवटच्या रांगेची ठरावीक जागा आधी राखावी लागते. जागेचे वेगळे पैसे नाहीत, पण न राखता बॅग आणली तर दंड आहे. आईच्या शिलाईच्या टेपने दोन्ही बॅगा चाकांसकट मोजून मला आकडे कळवा. गाडीत डबा उघडून खायला कोणी काही म्हणत नाही, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी दशम्या इथेच माझ्या स्वयंपाकघरात करू.

परतीचे विमान कानसाईहून बदलून मिळते का आणि त्याला किती दंड पडतो, एवढे दादाला रविवारपर्यंत विचारायला सांगा. फरक माणशी दहा हजार रुपयांपेक्षा जास्त निघाला, तर मी बेत पुन्हा मांडीन. वहिनींना नमस्कार, बाळास आशीर्वाद.

आपली,
मधुरा