मलम किती लावायचे, ते चिठ्ठीवर लिहून द्या

महोदय,

माझ्या मुलीला तान्ही असल्यापासून इसब आहे. आधी गालांवर होते, आता कोपरांच्या खळग्यात आणि गुडघ्यांच्या मागे आहे. इसबाच्या सर्व रुग्णांच्या वतीने डॉक्टरांना एक विनंती करायची आहे. मलम किती, कुठे आणि किती दिवस लावायचे, हे कृपया चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या.

‘‘अगदी थोडंसं लावा हं,’’ एवढेच सांगून आम्हाला एका दवाखान्यातून घरी पाठवले होते. त्यात ‘स्टेरॉइड’ हे नाव कानावर पडले की घरातले सगळेच धास्तावतात. मग मलम इतके हात राखून लागते की चट्टा पुरता बसतच नाही. जरा बरे दिसले की ट्यूब कपाटात जाते, खाज पुन्हा उसळते आणि औषधच लागू पडत नाही असा समज होतो. रात्री झोपेत पोर कराकरा खाजवत राहते, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके असतात. खाजवल्याने त्वचा सोलते आणि सोललेली त्वचा आणखी खाजते. हे चक्र थोडक्या मलमाने तुटत नाही.

याला माप आहे, आणि ते १९९१ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढे मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. आम्हाला हे एका परिचारिकेने समजावले. तिने माझ्या बोटावर रेघ ओढली, माझेच तळहात मुलीच्या पायावर टेकवून जागा मोजून दाखवली आणि मलम माझ्याकडूनच लावून घेतले. दोन मिनिटांचे काम होते, पण त्यानंतर माझ्या मनात कधी शंका राहिली नाही.

स्टेरॉइडची भीती अगदीच निराधार नाही. तीव्र मलम महिनोन्‌महिने चोळत राहिल्यास त्वचा पातळ होते, म्हणूनच चेहऱ्यासाठी सौम्य मलम देतात. नायट्यावर तर नुसते स्टेरॉइड लावले की तो पसरतो आणि ओळखूही येईनासा होतो. त्यामुळे शेजाऱ्यांची ट्यूब उसनी आणणे वाईटच. पण योग्य तीव्रता, योग्य माप आणि ठरलेले दिवस लिहून दिले, तर भीतीला जागा कुठे उरते? वारंवार उसळणाऱ्या जागी त्वचा बरी झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस मलम लावायला काही डॉक्टर सांगतात. हेसुद्धा तोंडी सांगून लक्षात राहत नाही.

मॉइश्चरायझरचेही तेच. इसबाच्या त्वचेतून पाणी उडून जाते आणि बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात. त्वचेची ही भिंत राखणाऱ्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष अनेक रुग्णांत असतात, हे २००६ मध्ये संशोधकांनी दाखवले. म्हणून कोमट पाण्याने झटपट अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, हा रोजचा पाया. भरपूर म्हणजे किती? ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या सूचनांत मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असा आकडा आहे. चिमूटभर क्रीम गालाला पुसणाऱ्या पालकांना याची कल्पना कशी असणार?

आणखी एक. माहितीपत्रकांत नेहमी ‘लाल चट्टे’ लिहिलेले असते. सावळ्या त्वचेवर इसब लाल दिसेलच असे नाही. ते तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसते आणि त्याची तीव्रता कमी लेखली जाते. लाली शोधण्यापेक्षा खरखरीतपणा आणि खाज विचारात घ्यावी.

इसब संसर्गजन्य नाही. वर्गात अशा मुलाला बाजूला बसवणाऱ्यांनी हे कृपया ध्यानात घ्यावे. त्या वागणुकीचे व्रण मलमाने जात नाहीत.

चिठ्ठीच्या मागे दोन ओळी धोक्याच्या खुणांच्याही हव्यात. चट्टा पाझरू लागला किंवा त्यावर पिवळी खपली धरली, तर जंतुसंसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवावे. एकसारखे, दुखणारे बारीक फोड झपाट्याने पसरू लागले आणि ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, सकाळची वाट पाहू नये.

– इसब असलेल्या मुलीची आई