टॅब म्हातारा नव्हता झाला, सेव्हर चालू होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत मोबाईल-टॅबची बॅटरी वाचवायच्या टिप्स आल्या होत्या, त्यातली पहिलीच टिप होती ‘बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवा’, आणि ती वाचून मला काही राहवेना म्हणून हे पत्र. कारण हाच उद्योग मी जवळजवळ वर्षभर करून बसलोय.

झालं असं की माझा टॅब रखडायला लागला. पीडीएफचं पान सरकवलं की झटके बसायचे, टाईप केलेलं अक्षर जरा दमाने उमटायचं, आणि मेल तर मी स्वतः ॲप उघडेपर्यंत यायचेच नाहीत. मी म्हटलं म्हातारा झाला हा, आता नवीन बघूया. दोन-तीन मॉडेल्स बघून ठेवली, घरात जाहीरही करून टाकलं. मग एक दिवस भाचीने टॅब हातात घेतला, वरून बोट खाली ओढलं आणि म्हणाली, मामा, हा सेव्हर कशाला चालू ठेवलाय? तो बंद केला आणि टॅब पळायला लागला. एवढंच होतं! (भाचीसमोर जी शोभा झाली ती वेगळीच.)

आता यात टॅबची काही चूक नाही. सेव्हर लावला म्हणून बॅटरी मोठी होत नाही, खर्चाला कात्री लागते फक्त, आणि ती कुठे लागते हे कोणी नीट सांगत नाही. पहिली कात्री प्रोसेसरला. काही सॅमसंग टॅबमध्ये तर पॉवर सेव्हिंग उघडलं की स्पष्ट लिहिलेलं असतं, प्रोसेसरचा स्पीड ७० टक्क्यांवर. यातली गंमत अशी की स्पीड ३० टक्के कमी केला तर वीज नुसती ३० टक्के नाही, त्याहून जास्त वाचू शकते, कारण चिप हळू चालवली की तिला व्होल्टेजही कमी पुरतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) हिशोबाने कमी होतो. उलट परफॉर्मन्स मोड, म्हणजे जास्तीत जास्त स्पीडचं सेटिंग, लावला की शेवटच्या थोड्याशा स्पीडसाठी भरमसाट वीज जाते. त्यात बहुतेक टॅबला पंखा नसतो, म्हणजे जड गेम खेळत बसलात की थोड्या वेळाने टॅब तापतो आणि तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, मग मोड कुठलाही लावा. वर उष्णतेने बॅटरीचं आयुष्य कमी होतं ते निराळंच.

पण माझं खरं म्हणणं स्क्रीनबद्दल आहे. टॅबवर आपण बहुतेक वेळ काय करतो, तर वाचतो नाहीतर व्हिडिओ बघतो. व्हिडिओ चालू असताना तो उलगडायचं काम चिपमधला एक वेगळा भाग करतो, मुख्य प्रोसेसर बऱ्यापैकी निवांत असतो, मग त्याचा स्पीड कापून तिथे फार काही हाती लागत नाही. बॅटरी पिते ती एवढी मोठी स्क्रीन. म्हणजे ब्राइटनेसची पट्टी स्वतः जरा मागे ओढली तर बाकी टॅब पूर्ण स्पीडने चालवूनही बऱ्यापैकी बॅटरी वाचते. सेव्हरही ब्राइटनेस कमी करतोच, पण त्याच्याबरोबर बाकीचं सगळंही कापतो.

दुसरं म्हणजे रिफ्रेश रेट. महागड्या टॅबची स्क्रीन सेकंदाला १२० वेळा बदलते, सेव्हर लावला की बऱ्याच टॅबमध्ये ती ६० वर येते, आयपॅड प्रोचंही तसंच. पुस्तक वाचायला ६० भरपूर झाले, पण पेनने लिहिणाऱ्याला फरक लगेच कळतो, रेघ पेनाच्या मागे मागे येतेय असं वाटतं. म्हणजे १२० चे पैसे मोजायचे आणि सेव्हर लावून ६० वापरायचे, आणि वर म्हणायचं की एवढा महाग टॅब घेऊन काही फरकच दिसत नाही!

आणि ते डार्क मोडचं. तुमच्या टिप्समध्येही होतं आणि ग्रुपवर तर रोज फिरतं, की काळी स्क्रीन ठेवा, बॅटरी वाचते. वाचते, पण ओलेड स्क्रीन असेल तरच, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. बरेच टॅब अजून एलसीडी आहेत, त्यांच्यात मागचा दिवा काळ्या पानालाही तसाच जळत असतो, मग बचत जवळजवळ शून्य. डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा हवं तर.

मेल उशिरा येणं, फोटोंचा बॅकअप थांबणं, ॲप अपडेट न होणं हे सगळंही सेव्हरचंच काम. हा प्रकार काही नवा नाही, अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० पासून आहे, आयफोनला २०१५ मध्ये आला आणि आयपॅडला मात्र २०२१ पर्यंत थांबावं लागलं. एवढी वर्षं झाली तरी बऱ्याच टॅबवर एक बटण आणि खाली ‘काही फीचर्स मर्यादित होतील’ एवढंच. अरे पण कुठली ते सांगा ना! वाट बघत असलेला मेल हे ‘काही फीचर’ नसतं.

सेव्हर वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. प्रवासात चार्जर विसरला तर तोच तारतो. मी आता २० टक्क्यांवर आपोआप चालू होईल असं सेटिंग केलंय आणि एरवी नॉर्मल मोड, ब्राइटनेस निम्म्याच्या खाली. दिवस आरामात निघतो.

तेव्हा पुढच्या वेळी टिप्स छापाल तेव्हा त्या ‘कायम’ शब्दाच्या जागी ‘गरजेपुरता’ असं छापा, आणि डार्क मोडच्या टिपेसमोर फक्त ओलेडसाठी एवढे दोन शब्द टाका, जागाही फार लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक