गुरुवारी वायफायवाला येतोय

पुणे
ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी सकाळी वायफाय लावायला माणूस येईल. पैसे भरून झालेत, तेव्हा नाही म्हणू नका. विचारलं असतं तर बाबा, तुम्ही ‘वायफायनं कर्करोग होतो’ हा फॉरवर्ड परत वाचून दाखवला असता! पेसमेकर बसवल्यापासून तुमचा चेहरा रोज नीट दिसल्याशिवाय मला झोप लागत नाही. गड्ड्याच्या जत्रेलाही येणं झालं नाही. शिवाय आईला कीर्तन टीव्हीवर बघता येईल.

तो फॉरवर्ड अगदीच खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2011 साली मोबाइल-वायफायच्या जातीच्या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या. पुरावा तोकडा, पण शंका पुरती फिटलेली नाही, असा तो गट. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्यातच आहे. (आई, लगेच कुंडी फेकू नकोस.) ऊन मात्र पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं.

वायफायची लहर सेकंदाला 240 कोटी वेळा कंप पावते. आकडा ऐकून घाबरू नका. समईच्या उजेडाच्या एका कणात याच्या लाखपटीहून जास्त ऊर्जा असते. डीएनएला थेट इजा करायला अतिनील किंवा क्ष-किरण लागतात. या लहरींनी फार तर ऊब येते, आणि घरच्या राउटरची तर तीही जाणवत नाही. बाबा, तुमच्या मांडीवर आकाशवाणी सोलापूर ऐकता ऐकता मी झोपायचे ना, तेव्हाही याच जातीच्या लहरी आपल्या माजघरातून आरपार जात होत्या. मला त्यातलं फक्त तुमचं थोपटणं आठवतं.

आता मुकाट्यानं ऐका. फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचा नाही. पेसमेकरपासून वीतभर लांब आणि बोलताना उजव्या कानाला. इंडक्शन शेगडी चालू असताना दोन फूट मागे राहा. चहा आईला करू दे, तिला तुमचा आवडतही नाही.

आणि आई, अकरा ते चार गच्चीवर पापड राखत बसायचं नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याला तरी जप. अतिनील किरणांनीही मोतीबिंदू वाढतो. मी पाठवलेला गॉगल कपाटातून काढ, गल्लीतलं कुणी हसत नाही.

राउटर हॉलमध्येच लावून घ्या, उशाशी नको. पेसमेकरला वीतभर अंतर पुरतं, पण बाबा रात्रभर त्याचे दिवे मोजत बसतील.

तुमची,
बबी