तत्काळ तक्रार करतो, पण घेणार कोण?

महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘पॅनचा गैरवापर झाला तर काय कराल?’ अशी चौकट आली आहे. ‘घाबरू नका, तत्काळ तक्रार करा’ हा सल्ला फारच उत्तम. फक्त सल्ला देणाऱ्यांच्या घरी आमच्यासारखी कराची नोटीस कधी आलेली नाही, हे दुसऱ्याच ओळीत कळले.

माझे धाकटे दीर दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. त्यांच्या नावावर दिल्लीत भंगाराची फर्म निघाली. उलाढाल कोटींत! भावजींनी आयुष्यात दिल्ली बघितलेली नाही. कागद हातात घेऊन त्यांनी मला विचारले, “वहिनी, टेम्पोवर पण जीएसटी बसला का?” मी पतसंस्थेत नोकरीला, म्हणून घरातले असले सगळे कागद माझ्याकडेच येतात.

तुमच्या चौकटीत नव्हते ते लिहिते. कुणाचे तरी पॅन, आधार, एखादे लाइट बिल आणि खोटा भाडेकरार जोडला की जीएसटी नंबर निघतो. मग माल इकडचा तिकडे न हलवता नुसती बिले फाडायची. बिल घेणारा त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट (म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) लावून आपला कर वाचवतो. बिल देणारा कर न भरताच पसार होतो. भगदाड पडते सरकारी तिजोरीला आणि नोटीस येते पॅनवाल्याच्या दारात. २०२३ साली गुजरातेत पालिताण्याला तर सरकारी योजनेचे पैसे मिळतील म्हणून गरिबांना आधार केंद्रावर नेले, त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलला आणि त्यांच्या नावाने जीएसटी नंबर काढले. त्याच वर्षी १६ मे ते १५ जुलै आणि पुन्हा २०२४ मध्ये १६ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर, अशा बोगस नोंदण्या शोधायच्या दोन मोहिमा निघाल्या. बोगस नोंदणी रद्द होते, चांगलेच आहे. पण ज्याचे नाव वापरले त्याच्या डोक्यावरची कराची मागणी कोण उतरवणार?

आता तुमचे ‘तत्काळ’. पोलीस ठाण्यात सांगितले, गुन्हा दिल्लीत घडलाय, तिकडे जा. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, असे मी म्हटले. साहेब म्हणाले, “ताई, तुम्ही वकील आहात का?” शेवटी साधा अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. ती पोच घेऊन कराच्या कार्यालयात गेलो, तर तिथे पोच चालत नाही, एफआयआर लागते. परत ठाण्यात आलो, तर ‘फसवणूक झाली असे त्यांच्याकडून लेखी आणा, मग बघू.’ म्हणजे दोघेही एकमेकांच्या कागदाची वाट बघत बसलेत आणि नोटिशीची मुदत मात्र कुणाची वाट बघत नाही. भावजींचे खाडे झाले ते वेगळेच.

तुम्ही १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबरही ठळक छापला आहे. तो खात्यातून गेलेले पैसे वाटेत अडवण्यासाठी आहे हो. इथे खात्यातून रुपया गेलेला नाही, उलट कोटींची उलाढाल आली आहे. तिची तक्रार कुठे करायची?

त्यापेक्षा हे छापले असते तर उपयोग झाला असता: जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताही पॅन टाकून बघता येते, त्यावर कुठल्या राज्यात किती नोंदण्या आहेत ते लगेच दिसते. आयकराच्या साइटवर वार्षिक माहितीपत्रक असते, एआयएस म्हणतात ते. त्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे ‘ही माहिती मला मान्य नाही’ असे नोंदवता येते. आम्ही नोंदवले. दुसऱ्याची ओळख वापरण्याला माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही अर्जात लिहिले. साहेबांनी ते वाचले असेल, अशी आशा आहे.

आणि घरात आयकर भरणारा निघाला तर लाडकी बहीण बंद, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. कागदोपत्री कोट्यधीश झालेल्या ड्रायव्हरच्या बायकोचे दीड हजार कधी थांबतील, या काळजीने जाऊबाईंची झोप उडाली आहे. चौदा हजारांवर पुरुषांनी याच योजनेचे पैसे घेतल्याची बातमी २०२५ मध्ये तुम्हीच छापली होती. त्यांची झोप कशी आहे, तेही एकदा छापा.

राहता राहिला चौकटीतला शेवटचा मुद्दा, ‘आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका.’ बरोबर आहे. पण गेल्या वर्षी तुमच्या वाचक भेट योजनेत आम्ही रोजची कुपने कापून चिकटवली, तेव्हा प्रवेशिकेसोबत आधारची झेरॉक्स कुणी मागितली होती? भावजींचीही एक प्रवेशिका त्यात होती. भेट म्हणून कबूल केलेला वॉटर जग अजून आलेला नाही. जग राहू द्या, त्या झेरॉक्स सध्या कुठे आहेत तेवढे कळवावे.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, बार्शी

(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. कृपया छापू नये.)