नाणं विकायला आधी पैसे कशाला भरायचे?

संपादक साहेब, नमस्कार.

मी गेली बावीस वर्षं जुनी नाणी जमवतोय, डबल झालेली पोस्टानं विकतोपण, म्हणून न राहवून लिहितोय. तुमच्या छोट्या जाहिरातींत परवा परत ते 'वैष्णोदेवीचं ५ चं नाणं द्या, १० लाख घ्या' छापून आलं. साहेब, ते नाणं २०१२ चं आहे, माझ्याच डब्यात पंधरा-वीस पडलीत, कोण देतंय १० लाख!

आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काका अशाच जाहिरातीला फसले. फोन केला तर आधी रजिस्ट्रेशनचे ८५०, मग कुरिअरचा इन्शुरन्स, मग जीएसटी, आणि काका कुरकुरायला लागले तर व्हॉट्सअपवर रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र, झालं, १४ हजार गेले. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय की आम्ही जुन्या नाण्यांच्या व्यवहारात नसतो, त्यासाठी फी-कमिशन घेत नाही आणि कुणाला घ्यायला सांगितलेलंही नाही. पण ते काकांपर्यंत पोचलं कुठे, जाहिरात मात्र पोचली.

माझ्याकडे आले ते रुमालात एक रुपया बांधून. १९१८ चा, पंचम जॉर्जचा, सालाखालच्या कमळात बारीक ठिपका, म्हणजे मुंबई टांकसाळीचा. आईच्या पेटीतला अस्सल चांदीचा. पण फोनवाल्यानं फोटो चकचकीत पाठवा म्हटलं म्हणून काकांनी तो चिंच लावून घासला होता, राजाच्या दाढीवर सुद्धा ओरखडे. मला बघवेना. जुनी काळसर झाक गेली की जमवणारे हात लावत नाहीत, आता चांदीच्या भावानं जाईल तेवढंच.

पोस्टानं नाणी विकणं वाईट नाही हो, आमच्यासारख्या गावाकडच्यांना तोच आधार आहे. दोन्ही बाजूंचे फोटो द्यायचे, वजन लिहायचं (तो रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा), खोटं निघालं तर परत घ्यायचं आणि विमा उतरवून पाठवायचं. पैसे नाणं घेणारा देतो, विकणाऱ्यानं भरायचे नसतातच.

तेव्हा विनंती एवढीच, या जाहिराती घेऊ नका, आणि रिझर्व्ह बँकेची ती सूचना त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात मोठ्या अक्षरात छापा, काकांसारखी माणसं पेपर तिथूनच वाचायला सुरुवात करतात.

एक नाणी जमवणारा, सांगली