पट्टी आधी, काच नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या पिकअप गाड्या पुन्हा उभ्या करण्यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. इंजिन, चासी, ब्रेक या सगळ्याची माहिती चांगली होती, विशेषतः पत्र्याचा गंज कापून नवा तुकडा वेल्ड करण्याचा भाग. पण पुढच्या काचेपाशी आल्यावर लेखकानं दोन ओळींत विषय आटोपला. ‘रंगकाम झाले, काच बसली की शेवटी काचेभोवतीची चकचकीत पट्टी रबरात दाबून बसवावी, ती केवळ शोभेची असते’ एवढंच. या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत. आणि कोणी त्याप्रमाणे काम केलं तर त्याचं नुकसान होईल, म्हणून हे पत्र.

जुन्या गाड्यांच्या काचा, रबरं आणि बाहेरच्या पट्ट्या बसवणं हेच माझं रोजचं काम आहे. सध्या माझ्यासमोर १९६९ ची शेवरोले सी-१० पिकअप उभी आहे. मालकानं काच धरून ठेवणारं नवं रबर आणि नवी पट्टी दोन्ही आणून दिली होती. रबर हातात घेतलं आणि बाहेरच्या बाजूनं नख फिरवून पाहिलं, तर पट्टी जाण्याची खाचच नाही. या पिढीच्या, म्हणजे १९६७ ते १९७२ च्या पिकअपला दोन तऱ्हेची रबरं येतात. साध्या गाडीला नुसतं काळं रबर असायचं, वरच्या श्रेणीच्या गाडीला पट्टीसाठी खाच असलेलं. पाकिटात गुंडाळलेली दोन्ही रबरं दिसायला जवळपास सारखी. खाच नसलेल्या रबरावर पट्टी बसूच शकत नाही; मग लोक ती चिकटवतात, आणि ती पहिल्या मोठ्या उन्हात एका टोकाकडून सुटते. उलट, खाचेचं रबर लावून पट्टी न बसवता गाडी फिरवली तर खाच उघडी राहते आणि तिच्यात धूळ-पाणी साचत जातं. रबर आणि पट्टी ही जोडीच आहे, एक घेताना दुसऱ्याचा विचार हवाच. लेखात खरेदीची एवढी मोठी यादी दिली होती, त्यात हे एक वाक्य असायला हवं होतं.

आता मुख्य मुद्दा, क्रमाचा. रबराचा तुकडा आडवा कापून पाहिला तर त्यात तीन जागा दिसतात. एकीत काचेची कड जाते, दुसरीत केबिनच्या चौकटीची पत्र्याची कड, आणि तिसरी बाहेरच्या तोंडाला असलेली बारीक चीर, म्हणजेच पट्टीची खाच. पट्टीच्या मागच्या बाजूला दुमडलेली पातळ कड असते, ती या चिरेत शिरते. काच एकदा केबिनमध्ये बसली की रबर काच आणि पत्रा यांच्यामध्ये चेपलं जातं आणि ही चीर गच्च मिटते. मग तिच्यात धातूची कड घुसवायची तर एकच उपाय उरतो, जोर. स्क्रू ड्रायव्हरनं रबराचा ओठ उचलायचा, पट्टी आत ढकलायची, पुन्हा पुढे. सरळ भागात हे कसंबसं जमतं. कोपऱ्यावर जमत नाही, कारण कोपऱ्याचा बाक कारखान्यातच घडवलेला असतो आणि तो दोन्ही बाजूंनी एकदमच आत जायला हवा. एक बाजू बसवून दुसरी ओढायला गेलं की पट्टी बाकावर मुडपते. ती मुरड नंतर कितीही ठोकली तरी प्रकाशात दिसतेच. आणि ओठ उचलताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक काचेच्या कडेवर टेकलं, तर खेळ तिथेच संपतो. पुढची काच दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर घालून केलेली असते. पृष्ठभागावर ती बरंच सोसते, पण कडेवर एका जागी आलेला दाब तिला सोसत नाही. तडा कडेवरून निघतो आणि चालत जातो, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर.

म्हणून माझ्या हातून काम असं होतं. काच जाड कापडावर आडवी ठेवायची. रबर थोडा वेळ उन्हात ठेवून मऊ करायचं आणि काचेवर चढवायचं. या वेळी रबराला पत्र्याचा दाब नसतो, चीर मोकळी असते. तिच्यात साबणाचं पाणी सोडायचं आणि कोपऱ्यापासून सुरुवात करून पट्टी हातानं, फार तर प्लास्टिकच्या पातळ चपट्या काडीनं बसवायची. आधी दोन्ही कोपरे, मग मधला सरळ भाग. पट्टी एकाहून अधिक तुकड्यांची असते. जिथे दोन तुकडे भेटतात तिथे वरून एक छोटी टोपी बसते. ही टोपी तुकडे जोडण्याआधी एकावर सरकवून ठेवावी लागते, नंतर ती चढत नाही. सगळं बसलं की पट्टी, रबर आणि काच यांच्यावरून जागोजागी मास्किंग टेप मारायचा, म्हणजे पुढच्या ओढाताणीत काही हलत नाही.

मग दोरी. रबराची जी खाच पत्र्याच्या कडेवर बसणार तिच्यात चारही बाजूंनी गुळगुळीत नायलॉनची दोरी फिरवायची आणि तिची टोकं खाली मधोमध आतल्या बाजूला सोडायची. दोघांनी मिळून काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. आतला माणूस दोरीचं एक टोक चौकटीच्या कडेला समांतर हळूहळू ओढत जातो, दोरी रबराचा आतला ओठ पत्र्यावरून आत उलटवत जाते, आणि बाहेरचा माणूस दोरी जिथे आहे तिथेच पसरलेल्या तळव्यानं दाबत राहतो. बाहेरच्यानं घाई केली, किंवा मुठीनं ठोकलं, तर सगळी मेहनत पाण्यात. बरोबर जमलं तर रबराचा ओठ पत्र्यावर बसताना टप् असा बारीक आवाज येत जातो आणि हाताला कळतं की पुढे सरकायला हरकत नाही. या कामात पट्टीला कुणी हातही लावत नाही, कारण ती आधीच आपल्या जागी आहे.

लेखकावर मी उगाच टीका करत नाही. नंतरच्या काळातल्या अनेक गाड्यांमध्ये काच गोंदासारख्या सीलंटनं चिकटवतात आणि पट्टी पत्र्यावरच्या क्लिपांवर बसते. तिथे पट्टी शेवटीच लागते आणि लेखातला क्रम अगदी बरोबर ठरतो. पण रबरात काच बसणाऱ्या जुन्या पिकअपला तो लागू नाही, आणि लेख जुन्या पिकअपवरच होता. त्यातही प्रत्येक मॉडेलची तऱ्हा वेगळी. शेवरोलेच्या पिकअपला १९५३ पर्यंत मधे उभी दांडी असलेल्या दोन सपाट काचा होत्या. १९५४ मध्ये एकसंध वाकलेली काच आली. पुढच्याच वर्षी, १९५५ च्या मध्यावर आलेल्या नव्या मॉडेलला तर काच दोन्ही बाजूंनी वळून मागे गेली. त्या वळणावरची पट्टी काच गाडीला लावण्याआधी बसवणं म्हणजे दोन माणसांचं, भरपूर टेप लावून, धीरानं करायचं काम आहे.

‘केवळ शोभेची’ या शब्दांबद्दलही थोडं बोलायला हवं. काही गाड्यांच्या रबरात बाहेरच्या खाचेत जाणारी पट्टीच रबराचे ओठ फाकवून काचेवर आणि पत्र्यावर घट्ट दाबून धरते. ती काढली तर रबर सैल पडतं. जिथे पट्टी एवढं काम करत नाही, तिथेही ती बसवण्याच्या निमित्तानं रबराखाली काय चाललं आहे ते उघड होतं. या सी-१० चं जुनं रबर दगडासारखं कडक झालेलं होतं. ते कापून काढलं तेव्हा चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलेला दिसला. बोट लावलं तसे पापुद्रे सुटले आणि खाली पत्र्याची कड चाळणी झालेली. वरून मात्र कुणीतरी सिलिकॉनचा जाड थर फासून ठेवला होता. गळती थांबवण्यासाठीच तो लावला असणार. पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, उघड्या पत्र्याला ते गंजवतं, आणि पुसून काढल्यावरही मागे राहिलेल्या अंशामुळे नवा रंग धरत नाही. पाणी तर आत येतच होतं. ते डॅशबोर्डच्या मागून उतरून पायाखालच्या मॅटमध्ये मुरायचं. मालक इतके दिवस फरशीच्या पत्र्यात भोक शोधत होता.

ही कड नीट झाल्याशिवाय नवी पट्टी, नवं रबर, नवी काच यांतलं काहीही लावू नये असं माझं ठाम मत आहे. गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, गंजरोधक प्रायमर मारायचा, रंग द्यायचा, पण पातळ. चौकटीच्या कडेवर पुट्टी आणि रंगाचे थर चढले की ती जाड होते आणि रबराच्या खाचेत मावत नाही. मग रबर वर उचललेलं राहतं आणि पट्टी लाटेसारखी वरखाली दिसते. दोष मात्र पट्टीला दिला जातो. रबर बसवताना सीलंट लावायचंच असेल तर न वाळणारं, ब्यूटाइल रबराचं लावावं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावून रबर सरकवण्याची सवय पुष्कळांना आहे, तीही सोडावी. आजकालची बरीच रबरं ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात आणि खनिज तेलानं ती फुगतात. साबणाचं पाणी पुरतं.

आणखी एक गोष्ट लेखात ओझरती आली, ‘जुनी पट्टी टाकून नवी घ्यावी’. माझी विनंती आहे की असं सरसकट सांगू नये. मूळ पट्टीचा कोपऱ्यावरचा बाक त्या गाडीच्या काचेशी जुळलेला असतो; नव्या बनावटीच्या पट्ट्यांमध्ये तोच बाक थोडाफार चुकलेला मी वारंवार पाहते. आधी धातू ओळखावा. चुंबक चिकटलं तर ॲल्युमिनियम नाही हे नक्की. न चिकटलं तर ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस यांपैकी काहीही असू शकतं, कारण स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक लागत नाही. स्टेनलेस मळलं तरी पॉलिशनं उजळतं. ॲल्युमिनियमवर पांढरट डाग धरतात आणि ते पॉलिशनं जात नाहीत, कारण वर ॲनोडाइज्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं तयार केलेला कडक ऑक्साइडचा थर असतो. तो कॉस्टिक सोड्यानं उतरवता येतो, पण चष्मा आणि हातमोजे घालूनच, आणि अगदी थोडा वेळ. थर गेला की सोडा खालचा धातूही खायला लागतो. पुन्हा ॲनोडाइज करून घेतलं नाही तर ती पट्टी सतत पुसत राहावी लागते.

स्टेनलेसच्या पट्टीवरचा पोचा काढण्यात मला सगळ्यात जास्त समाधान मिळतं. पट्टी लाकडावर पालथी ठेवायची आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीनं आतून हलके ठोके द्यायचे. पोच्याच्या मधोमध नाही, कडेपासून आत येत. मग वरून बारीक कानस एकदाच फिरवली की उंचवटे चमकतात आणि खड्डे काळे राहतात. कुठे अजून ठोकायचं ते डोळ्याला दिसतं. त्यानंतर पॉलिश पेपर, अधिकाधिक बारीक होत जाणारा, नंबर ४००, ६००, ८००, पुढे २००० पर्यंत, प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवा. शेवटी बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चकाकी आणणं. बफिंगचं चाक पट्टीच्या कडेवरून बाहेरच्या दिशेनं फिरत जावं. ते कडेवर आदळत फिरलं तर क्षणात पट्टी हातातून हिसकावून घेतं. मग पट्टीही जाते आणि बोटंही. हे काम एकट्यानं शिकू नये, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकावं.

सगळं बसल्यावर पाण्याची चाचणी हवी. पाइपाला नोझल न लावता, साध्या धारेनं, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर जायचं आणि आत दुसऱ्या माणसानं बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली पाहत बसायचं. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच ओल येते आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही.

संपादक महोदय, आपला लेख वाचून या आठवड्यात कुणीतरी काच बसवायला घेतली असेल. त्यामुळे पुढच्या रविवारी, लेखाच्या त्याच जागी, निदान एवढी दुरुस्ती छापावी: काच रबरात बसणारी असेल तर काच गाडीला लावण्याआधीच पट्टी रबरात बसवावी, आणि रबर घेताना त्याला पट्टीची खाच आहे का ते तपासून घ्यावं. जागा असेल तर रबराच्या आडव्या कापाचं एक चित्रही द्यावं. चित्र काढून पाठवायची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
काचा-पट्ट्यांचं काम करणारी एक वाचक